नालेखालचं चामडं

मुकुटबनच्या पुंजाराममामांनी शिकवलं, म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो. माझी वरात घोडीवरून निघावी, एवढंच त्यांनी मागितलं. अंथरुणाला खिळल्यामुळे त्यांना मात्र येता आलं नाही.

आर्णीच्या घोडीवाल्याने घोडीच्या दुखऱ्या तळव्यासाठी नालेखाली चामड्याची गादी बसवली होती. वरातीत तो सारखा वाकून तिचा खूर तापलाय का, हे हात लावून पाहायचा. चौकात लावलेला हात त्याने तसाच ठेवला.

"नवरदेव, उतरा खाली."

"काहून?" माझा मेहुणा ओरडला. बॅन्ड थांबला.

मी उतरताच त्याने पकडीने नाल उपटली. चामड्याआडून पू वाहू लागला. त्या दुखण्यावर बसून मी हसत होतो.

घोडीवाल्याचा चेहरा उतरला. "कालच गादी काढून पाहाची होती. वरातीच्या घाईत राहून गेली. तुमी चालत जासान, नवरदेव. इले झोपतानाही याच पायावर उभं राहा लागते."

मी मामांना लिहिलं:

"मामा, चौकापर्यंत घोडीवर होतो, पुढे पायी गेलो. तुम्ही रागावणार नाही. बैलाचा खूर दुखला की तुम्हीही गाडीतून उतरून चालायचात."