पुंगळीतला नट

कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका आडव्या गल्लीत आकाराम मिस्त्रीचं गॅरेज आहे. दोन गाड्या आत आणि सहा बाहेर, एवढाच पसारा. बोर्डावर गॅरेजचं नाव बारीक अक्षरांत आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘आवाजावरून आजार ओळखला जाईल’ असं लिहिलंय. त्यात खोटं काही नाही. रस्त्यानं एखादी गाडी गेली की आकाराम चहाचा कप ओठांशी तसाच धरून सांगतो, “चेन सैल हाय ह्याची.” नाहीतर, “पिस्टन गेला. पंधरा दिवस बी काढत न्हाय ही.”

सायलेन्सरच्या पुंगळीत तर त्याचा हात धरणारा कोणी नाही. पुंगळी म्हणजे सायलेन्सरच्या पोटात बसणारी भोकाभोकांची नळी. आवाज दाबायचं काम तिचं. दिवाळी जवळ आली की पोरांची रांग लागते, “मिस्त्री, पुंगळी काढा, आवाज घुमला पायजे.” आकाराम आधी त्यांना चार शिव्या घालतो. “काढलीस तर आवाज मोठा आन् ओढ बारीक. चढाला ढकलत न्हेशील, मग बोंबलत फिर.” आणि मग पुंगळीची लांबी बोटभर कमी करून, दोन भोकं बुजवून, चार नवी पाडून असा घुमारा काढून देतो की गाडी ओढते झकास आणि चौकातला पोलीसही मान वळवत नाही.

असा हा गुणी माणूस. खोड एकच, स्वतःची चूक कबूल करणं त्याला जमत नाही.

दहा वर्षांपूर्वी सागरमाळावरच्या ज्ञानू गवळ्याची जुनी टू-स्ट्रोक गाडी त्याच्याकडे आली होती. पुंगळी बसवताना आकारामच्या हातून एक नट निसटला. बाकाखाली गेला असेल म्हणून त्यानं शोधला, सापडला नाही, दुसरा लावला. दुसऱ्या दिवशी ज्ञानू हजर. “मिस्त्री, आत कायतरी खुळखुळतंय की!” आकारामनं किक मारली आणि क्षणात ओळखलं, आपला नट सायलेन्सरच्या पोटात नाचतोय. पण नेमकी चार गिऱ्हाइकं भोवती उभी. त्याच्या तोंडून निघून गेलं, “टू-स्ट्रोकचा आवाज असाच असतोय, ज्ञानू.” ज्ञानूचा मिस्त्रीवर भारी विश्वास. तो मान हलवून निघून गेला.

त्या नटानं मग आकारामचा पिच्छा सोडला नाही. रोज सकाळी ज्ञानू दुधाच्या किटल्या अडकवून गॅरेजवरून जायचा, आणि तो खुळखुळाट कानावर पडायच्या आत आकाराम ग्राइंडर चालू करायचा, मग घासायला काही असो वा नसो. एक-दोनदा त्यानं नट काढायची खटपटही केली. पण पुंगळीचा बोल्ट गंजून गच्च झालेला, कापल्याशिवाय निघेना, आणि चालत्या गाडीला कटर लावू द्यायला ज्ञानू तयार नव्हता.

यंदा मात्र गाडीनंच मान टाकली. किटल्या घेऊन चढ चढेना. पुंगळी काजळीनं पार तुंबली होती. “नवीच घालतो,” आकाराम म्हणाला, “पैसं देऊ नगंस. पाडव्याची भेट समज.” ज्ञानूला त्याच्या मनाचा मोठेपणा वाटला. बोल्ट कापला, सायलेन्सर उलटा धरून ठोकला, आणि मूठभर काजळीबरोबर तो नट टुणकन फरशीवर पडला. आकारामनं इकडेतिकडे बघून तो खिशात घातला. मग सबंध दिवस खपून अशी पुंगळी बनवली की गाडी नवरीसारखी हळू बोलायला लागली आणि चढ एका दमात चढली. त्या रात्री बायकोनं, शालूबाईनं, न विचारता वाढलेली तिसरी भाकरीसुद्धा त्यानं संपवली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ज्ञानू आला तो तोंड पाडून. “मिस्त्री, चंद्री गाडीमागं येईना.”

कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला गवळी आपल्या म्हशी सजवून रस्त्यावर काढतात. शिंगांना रंग, त्यावर मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ. मालक गाडीवर पुढे आणि म्हैस मागे धावत. दोर नाही, काठी नाही. पन्नास गाड्या एकदम बोंबलत असल्या तरी म्हैस आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज बरोबर धरते. ज्ञानूची चंद्री पारडी होती तेव्हापासून त्याच गाडीमागे धावलेली. आता तिचं वय झालं होतं. हा तिचा शेवटचा पाडवा, पुढच्या वर्षीपासून तिची पारडी पळणार, असं घरात ठरलं होतं.

आकाराम पिशवीत पाच पुंगळ्या घालून गोठ्यावर गेला. ज्ञानूची बायको बायडाबाई चंद्रीच्या शिंगांना तेल चोळत होती. पहिली पुंगळी बसवली, ज्ञानू गाडी घेऊन अंगणातून निघाला. चंद्री रवंथ करत राहिली. दुसरी बसवली, तिनं शेपटीनं माशी हाकलली. तिसरीला तिनं पाठ फिरवली. चौथी आणि पाचवी तर तिनं ऐकलीही नसावी.

“कुणाची गाडी म्हणून वळखंना झाल्या,” बायडाबाई तेलाची वाटी खाली ठेवत म्हणाली. “शेवटचं वरीस, आन् दावं बांधून न्ह्यायची काय हो तिला? लोक काय म्हंतील?”

आकाराम पाना उचलायला वाकला. खिशातला नट किल्ल्यांवर आपटून खुळखुळला. चंद्रीची रवंथ थांबली. तिनं मान वळवली आणि दोन्ही कान आकारामच्या खिशाकडे लावले.

आकारामनं खिसा मुठीत दाबून धरला. खरं तर दुसऱ्या पुंगळीलाच त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. दहा वर्षं त्यानं अख्ख्या कोल्हापूरला गुंगारा दिला, आणि पकडलं कुणी तर म्हशीनं.

“गाडी जरा कोपऱ्यावर न्हेऊन बघतो,” म्हणत तो भिंतीआड गेला. पुंगळी काढली, नट आत सोडला, पुंगळी परत बसवली आणि किक मारली. नट खुळखुळला मात्र, गोठ्यातून एकच हंबर उठला आणि चंद्री शेणाची पाटी उधळून भिंतीला वळसा घालून धावत आली. तिनं आकारामच्या पाठीला अशी ढुशी दिली की तो गाडीसकट पडता पडता राहिला.

“नाद खुळा!” ज्ञानू ओरडला. बायडाबाई डोळ्यांना पदर लावून हसत होती. त्या दोघांना बघून आकारामला फार बरं वाटलं, आणि फार वाईटही वाटलं.

पाडव्याला चंद्री अशी पळाली की तरण्या म्हशी मागे पडल्या. मोरपिसं हलतायत, कवड्या वाजतायत, आणि ज्ञानू हँडल धरून मागे बघत नुसता हसतोय. शेवटी चौकात ज्ञानूनं आकारामला ओढून पुढे आणलं, त्याच्या डोक्याला भगवा फेटा बांधला आणि सगळ्यांना सांगितलं, “ह्या माणसाचा कान बघा! कान लावून त्यानं म्हशीच्या मनातला आवाज काढला.”

टाळ्या पडल्या. आकारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो खाली मान घालून म्हणाला, “ज्ञानू, फेटा काढ माझा. कान-बिन काय न्हाय. दहा वर्सांखाली माझ्या हातनं नट पडलाय तुझ्या सायलेन्सरात. तू विचारलंस तवा मी खोटं बोललो. परवा गुपचूप काढला, काल गुपचूप घातला.”

 ज्ञानूनं आधी गाडीकडे बघितलं, मग चंद्रीकडे. “म्हंजे दहा वर्सं माझी म्हैस तुझ्या चुकीच्या मागनं पळत्या व्हय?”

“व्हय.”

आधी कोण हसलं ते कळलं नाही, पण मग सगळा चौकच पोट धरून हसायला लागला. ज्ञानूनं आकारामचा सुटत आलेला फेटा पुन्हा करकचून बांधला. बायडाबाई मात्र पुढे येऊन गंभीरपणे म्हणाली, “भावजी, चंद्रीची पारडी बी त्याच आवाजाला हुंबरती. एक शब्द द्या. आता पुन्यांदा ती चूक सुधरू नगा.”

आकारामनं शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजसमोरून किटल्या खणखणत आणि सायलेन्सर खुळखुळत ज्ञानूची गाडी गेली. आकारामचा हात सवयीनं ग्राइंडरच्या बटनाकडे गेला आणि थांबला. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, “मिस्त्री, आत कायतरी वाजतंय वाटतं त्याच्या.”

“नट हाय,” आकाराम चहा पीत म्हणाला. “माझ्याच हातचा.”