घालणारीनं सांगायचं

आमच्या आईइतकी हट्टी शिंपीण मी तरी दुसरी पाहिली नाही. कापड टेबलावर पसरायची, खडूनं खुणा करायची, कात्री उघडायची आणि विचारायची, "कापू?" ज्याच्या अंगावर कपडा चढणार त्यानंच "काप" म्हणायचं. एकदा एका वकिलानं बायकोच्या वतीनं परस्पर होकार दिला, तर ही म्हणाली, "साहेब, हा झगा तुम्ही घालणार आहात का?" बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. चाळीस वर्षं तिचं हेच.

आणि मी तिच्याच पोटची!

तिचा कॅन्सर यकृतात पोचल्याचं कळलं, तशी मी डॉक्टरबाईंना बाहेरच गाठलं. "तिला काही विचारू नका, घाबरेल. सगळ्यात जोरदार औषध असेल ते द्या." त्या म्हणाल्या, "यानं बोटं बधिर होऊ शकतात." बोटांचं काय घेऊन बसलात, माणूस जगायला हवं! आईला सांगितलं, डॉक्टरांनी ठरवलंय. तिनं मान डोलावली.

तिसऱ्या सलाइननंतर ती एका शर्टाचं काज करत होती. सुई बोटात घुसली, पांढऱ्या कापडावर रक्त उतरलं, तरी तिला पत्ता नाही. मीच ओरडले. तिनं बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुला माहीत होतं?"

मला खोटं बोलता येईना.

"अगं, तू सहा वर्षांची होतीस तेव्हा तुझा फ्रॉकसुद्धा मी तुला विचारून कापलाय," एवढंच म्हणाली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंसमोरच्या खुर्चीत ती बसली. मी सवयीनं तोंड उघडलं, तर म्हणाली, "तू थांब गं." डॉक्टरबाईंनी सगळं मांडलं. हेच औषध चालू ठेवलं तर कदाचित दोन-तीन महिने जास्त मिळतील, पण बोटं आणखी बिघडतील. साध्या गोळ्या घेतल्या तर रोग लवकर वाढेल, बोटं मात्र थोडीफार सुधारतील.

"तुमचं मत काय?" आईनं विचारलं.

"शिवायचं असेल तर गोळ्या."

मग ती माझ्याकडे वळली. "आता तू बोल."

"मला तू हवीस," म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

"कळलं गं राणी." तिचेही डोळे भरले होते. माझा हात तिनं सोडला नाही. "दोघींचं ऐकलं. गोळ्या द्या."

मला राग आला. खोटं कशाला सांगू? 

दोन महिन्यांनी अंगठा आणि शेजारचं बोट जरा ताळ्यावर आलं. एका सकाळी तिनं मला आरशापुढे उभं करून कोटाची मापं घेतली. मध्ये दोनदा खुर्चीत बसली. मग निळं लोकरी कापड टेबलावर पसरून खुणा केल्या आणि कात्री दोन्ही हातांनी धरली.

"कापू?"

हा तिचा शेवटचा कोट, हे दोघींनाही ठाऊक होतं. मी "काप" म्हणेपर्यंत ती तशीच माझ्याकडे बघत थांबणार होती. म्हणून मी जरा उशिरानं बोलले.