नसलेला स्विच

भूत, चकवा, अंगात येणं... असलं कुणी सांगू लागलं की मी चहा सांगायच्या निमित्तानं उठतो. माझं उभं आयुष्य चिकलठाणा एमआयडीसीत गॅसच्या भट्ट्या पेटवण्यात गेलं. भट्टी पेटत नसेल तर हवा, गॅस आणि ठिणगी — तिघांपैकी कोण रुसलंय, ते मी नुसत्या आवाजावरून सांगतो. बढाई नाही, कुणालाही विचारा.

तरीही हे लिहितोय.

दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही जुनी भट्टी सुरू करत होतो. खंडेनवमीला तिची झकास पूजा झालेली. गुलमंडीवरून आणलेले झेंडूचे हार तसेच होते, धुपाचा वासही शेडमध्ये रेंगाळत होता. मी ब्लोअर चालवला. आत साचलेला गॅस आधी हवेनं बाहेर काढायचा, मगच ठिणगी — हा नियम. आमचे जुने ऑपरेटर हनीफभाई नेहमीप्रमाणे भट्टीच्या भोकाला डोळा लावून ज्योत बघायला उभे राहिले.

बटण दाबलं. ठिणगी नाही. पुन्हा दाबलं... नाही.

"रूठ गई क्या रे?" हनीफभाई हसले.

चिडून मी तार बघायला मागं गेलो, तर बघतो काय! कुणीतरी भक्तिभावानं ब्लोअरच्या तोंडावरच हारांचा ढीग बांधला होता. पंखा फिरत होता, पण हवा आत जातच नव्हती. आणि झेंडू-धुपाच्या वासाखाली गॅसचा वास! सुट्टीभर व्हॉल्व्ह झिरपत होता, भट्टी गॅसनं भरली होती.

"हनीफभाई, मागं सरा! लई गॅस भरलाय आत!"

गॅसचा कॉक घट्ट बंद केला, हार ओरबाडून काढले, भट्टी उघडून पार मोकळी केली. हनीफभाईंचा चेहरा त्या भोकाशी होता आणि बटण मी दाबत होतो.

सगळं निवळल्यावर पुन्हा बटण दाबलं. टकटकटक... पहिल्याच दाबाला ठिणगी! मी एकाही तारेला हात लावला नव्हता.

हवेचा दाब नसेल तर ठिणगी पडूच न देणारा स्विच नव्या भट्ट्यांत असतो. आमच्या भट्टीत तो नव्हता, कधीच नव्हता. मी तार न् तार उलगडून पाहिली, ट्रान्सफॉर्मर तपासला. ओल नाही, सैल जोड नाही. सगळं ठणठणीत.

पुढं मी स्वतःच तसा स्विच आणून बसवायला घेतला, तेव्हा हनीफभाई शेजारी येऊन उभे राहिले.

"दूसरा कायकू बिठारा रे? पहला किधर है, वो तो बता!"