नळापाशी पंधरा मिनिटं

वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी माझ्या थोरल्या भावाला, अण्णांना, कुत्रं चावलं. विटाळ झाला म्हणून मी त्यांच्या डोक्यावर विहिरीच्या घागरी ओतल्या आणि ते पुन्हा सोवळं नेसून पिंडांपुढे बसले. इंजेक्शन उद्या घेऊ म्हणालो. जखम सुकली आणि ते राहूनच गेलं.

महिन्याभरानं अण्णांना पाणी गिळवेना, तेव्हा त्यांना कुंभकोणमला इस्पितळात नेलं. आवारातल्या नळाखाली एक झाडूवाली जवळच्या स्वामीमलै गावच्या कुणा मूर्तिकाराची चावलेली पोटरी साबणानं खसाखसा धूत होती. तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती.

"हलू नका, मामा. कुत्र्यापुढे गप्प उभे राहिलात आणि माझ्यापुढे नाचता? पंधरा मिनिटं व्हायची आहेत."

मग माझ्याकडे न बघता तिनं तमिळमध्येच विचारलं, "तुमचं कोण, सार?"

"भाऊ. चावलं तेव्हा लगेच न्हाऊ घातलं होतं."

"साबण लावला?"

"श्राद्ध होतं. सोवळ्यात साबण चालत नाही."

तिचा हात थांबला नाही. "विटाळ धुतलात, सार. जखम राहिली."

झाडूवालीनं मला शिकवावं, म्हणून मी संतापलो. डॉक्टरांकडे तिची तक्रारही केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ती बरोबर बोलली."

अण्णा तिसऱ्या दिवशी गेले. तो संताप अजून आहे. आता तो माझ्यावर आहे.