हलीमाचं घर

वॉर्डमधल्या नर्सचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "डॉक्टर, तुमचे युसुफ गेले." रोज मरण बघणारी बाई मी, पण कुकरला शिट्टी लावायची राहून गेली.

युसुफकाका इथले, आयर्लंडमधल्या ओंगारचे आमचे शेजारी. निवृत्त फार्मासिस्ट, ऐंशी उलटलेले. पॅलेस्टाईनमधलं त्यांचं गाव अठ्ठेचाळीस साली एका दिवसात रिकामं झालं, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. मागाहून घरंही पाडली. आयरिश पासपोर्टावर ते एकदा जाऊन आले. पाइनचं जंगल, सहलीची बाकं... आणि झाडांमध्ये निवडुंगाची कुंपणं, आत काहीच नाही. "आमचं फाटक कुठे होतं ते निवडुंगावरून ओळखलं," ते म्हणाले.

दर शुक्रवारी ते आणि अम्मानमधला त्यांचा भाऊ फोनवर गावातली एकतीस घरं ओळीने म्हणायचे. एक चुकला की दुसरा टोकायचा. लॉकडाउनच्या सुरुवातीला भाऊ गेला. पुढच्या शुक्रवारी काका बागेच्या भिंतीपाशी आले. "डॉक्टर, पाठांतर कसं आहे तुझं?" मुलाला का नाही शिकवत, मी विचारलं. "त्याच्यासमोर मला रडू येतं. तू परकी आहेस, बरं पडतं." असं तोंडावर! पण पटलं मला.

पाढे पाठ करून वाढलेली मी, एकतीस घरांची काय मातब्बरी? पण ती अरबी नावं... महिनाभर घाम फुटला. शेवटी पाढ्यांच्या चालीत बसवली, तशी पटापट यायला लागली. काकांना ती चाल मुळीच आवडायची नाही. "गाऊ नकोस. रस्त्याने चाल, दारं बघ." चालीच्या नादात मी विधवा हलीमाचं घर हमखास विहिरीच्या भलत्या बाजूला टाकायची. ते हात वर करून थांबवायचे, आणि मी पहिल्या घरापासून पुन्हा सुरू.

जानेवारीत ते आमच्याच हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. भेटायला कोणालाच सोडत नव्हते, मी ड्युटी संपवून मास्कमध्ये उभी राहायची. त्या शुक्रवारी नाकात ऑक्सिजनची नळी असताना म्हणाले, "म्हण." बारा तास उभी होते, जीव नुसता घरी धावत होता. चालीत म्हणत सुटले. विहिरीपाशी क्षणभर अडखळले, मग जसं तोंडात आलं तसं पुढे गेले. त्यांनी हात वर केला नाही. डोळे मिटूनच म्हणाले, "ग्रँड." इथल्या आयरिश बोलीत, ठीक आहे. सुटले एकदाची, असं वाटलं मला. खरंच वाटलं. दोन दिवसांनी ते गेले.

महिन्याभराने कॅनडाहून मुलाचा फोन आला. "बाबा म्हणायचे, गाव तुमच्याकडे आहे." मी त्याच्यासाठी घरांची यादी लिहायला बसले. विहिरीपाशी पेन थांबलं. हलीमा अलीकडे की पलीकडे? शेवटच्या वेळी मी बरोबर म्हटलं होतं, की त्यांच्यात टोकायची ताकद नव्हती? दोन्ही बाजू म्हणून पाहिल्या, दोन्ही खऱ्या वाटल्या. खूण करून 'नक्की नाही' असं लिहायला हवं होतं. लाज वाटली, नाही लिहिलं.

परवा मुलाने फोटो पाठवला. यादीवरून त्याने सुंदर नकाशा काढून घेतलाय, मुलांच्या खोलीत लावलाय. नातवंडं रोज एकेक घर पाठ करतात म्हणे. हलीमा आता विहिरीच्या पलीकडे राहते. तिला तिथे मी नेऊन ठेवलंय.