धरणगावचं भरीत आणि चार रात्रींचं जागरण

आमच्या निलेशचं धरणगावच्या भावनावर मन बसलं होतं. आईबाबा नाहीत, म्हणून तिच्या घरच्यांना भेटून आमचा होकार सांगायचं काम थोरली बहीण या नात्यानं माझ्याकडे आलं. नेमक्या तेव्हाच माझ्या लेकाला दाढा येत होत्या. चार रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. "ताई, पुढच्या रविवारी जाऊ," निलेश म्हणाला. मला काय धाड भरलीय, म्हणत मी लेकाला नवऱ्याच्या हवाली केलं आणि निलेशबरोबर निघाले.

नाशिकहून सकाळी सहाला निघालं की चांदवड, मालेगाव करत नऊपर्यंत धुळे येतं. तिथं पोहे खाल्ले, चहासकट दोघांचे शंभरच्या आत. माझ्या पोह्यांवर शेव कमी होती म्हणून मला रडू आलं. खरंच आलं. निलेशनं स्वतःची शेव माझ्या बशीत घातली, तर त्याच्यावरच खेकसले. मग पारोळा गेलं. पुढे एरंडोलहून डावीकडे वळलं की धरणगाव. दुतर्फा कापूस फुटला होता, पण मला काही गोड लागेना.

भावनाच्या वडिलांनी, नानांनी, शेतातच भरिताचा बेत केला होता. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून, मिरच्या घालून बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, कुटलेली, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. नाना आग्रहानं वाढत होते. तिसऱ्या भाकरीला माझा तोल गेला. "असं कोंबून होकार मिळतो का हो?" मी सगळ्यांसमोर म्हणाले आणि लगेच रडायलाच लागले. नानांच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

भावनाची आत्या, अक्का, माझ्याजवळ आली. "कितला दिन व्हयनात पोरी, झोप नही तुले?"

"चार रात्री," मी म्हटलं.

"मंग आधी झोप. बाकी बठ्ठं बोलणं नंतर."

निंबाखालच्या खाटेवर तिनं मला निजवलं. तीन तासांनी उठले तेव्हा डोकं हलकं झालं होतं आणि लाजेनं मान वर होत नव्हती. तशीच नानांपुढे गेले. सगळ्यांसमोर माफी मागितली, आमचा होकार सांगितला.

नाना म्हणाले, "पोरीले विचारीसन मंगळवारी सांगसूत."

परतीच्या वाटेवर निलेश मला एका शब्दानंही बोलला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं पुढच्या दोन्ही रात्री लेकाला स्वतःजवळ घेतलं.

तुम्ही भरितासाठी जाणार असाल तर हिवाळ्यात जा, आणि आदल्या रात्री नीट झोपून जा. भरीत अप्रतिम होतं, एवढं मला आठवतं. बाकी आठवतो तो नानांचा थांबलेला हात.

मंगळवारी सकाळी भावनाचाच फोन आला. "ताई, माझं हो आहे. नानांना बोललात तेव्हा फार राग आला होता. पण उठल्यावर तुम्ही माफी मागितलीत. आमच्या घरात ते कुणालाच जमत नाही."

फोन ठेवला आणि ढसाढसा रडले. नवरा धावत आला. "परत झोपली नाहीस का?"

चांगली आठ तास झोपले होते.