सुनावणीतला सत्कार

लालबागच्या त्या चाळीत गणपत परबांच्या आवाजाला मान होता. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी कुरियरच्या थैल्या वाहिल्या, ऑफिसांत पाणी दिलं; पण गणेशोत्सवात माइक हातात आला की हा माणूस राजा. हरवलेलं पोर असो की महाआरती, ते असं पुकारायचे की समोरच्या फुटपाथवरचा वाटसरूही थबकायचा. देवाने नट घडवायला घेतला आणि थिएटर द्यायचं विसरला, इतकंच.

म्हणून पालिकेने गल्लीच्या नव्या आराखड्यावर रहिवाशांचं म्हणणं ऐकायला शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी ठेवली, तेव्हा चाळीने त्यांनाच पुढे केलं. आराखड्यात चाळीच्या फाटकापाशी कुंड्या आणि बाक दाखवले होते. नेमकी तिथेच त्यांची भावजय शेवंती आणि आणखी चारपाच जणी अळू, कोकम, फणस घेऊन बसायच्या. भाऊ गेल्यापासून शेवंतीचं घर त्या जागेवर चाललं होतं.

"भावोजी, येवढाच सांगा," शेवंती म्हणाली होती, "कुंडये पलीकडे न्या, आमका बसाक जागा ठेवा."

"वहिनी, असं मांडतो की टाळ्या पडतील!"

टाळ्या पडल्या. प्रत्येक गल्लीला थोडाच वेळ होता. पण पाहुणे आले की आधी सत्कार, ही मंडळाची रीत गणपतरावांच्या अंगात मुरलेली. नियोजन अधिकारी देविका कोठारे यांच्यासाठी त्यांनी शाल-श्रीफळ नेलं होतं. व्यासपीठावरच्या एकेकाचं नाव त्यांनी तब्येतीत घेतलं. इंजिनिअर झाले, मुख्याध्यापक झाले, माइकवाल्यालाही सोडलं नाही. मग शाल. हॉल टाळ्यांनी भरला आणि गणपतरावांना सूर सापडला.

"या देखण्या आराखड्याबद्दल आमच्या समस्त रहिवाशांच्या वतीने मी मॅडमचे मनःपूर्वक आभार मानतो!"

वेळ संपल्याची घंटा वाजली.

"म्हणजे तुमच्या गल्लीची हरकत नाही. छान," मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या गल्लीच्या माणसाने माइक घेतलासुद्धा.

गणपतराव खाली उतरले. मागच्या रांगेत, शेवंतीच्या शेजारीच फाटकापाशी बसणारी जाईबाई सवयीने टाळ्या वाजवत होती. शेवंतीने तिचा हात धरला, तेव्हा ती थांबली.

दुसऱ्या दिवशी ते फाटकाने न जाता कचऱ्याच्या डब्यांमागून निघाले. या वयात, स्वतःच्या चाळीतून, चोरासारखे! शेवंतीने तरी हेरलंच.

"भावोजी! आवाज बाकी बरो लागलो हां तुमचो!"

बाकीच्या बायका हसल्या. तिने शिव्या घातल्या असत्या तर त्यांना सोसलं असतं. पण तिने नेहमीसारखी अळूची जुडी त्यांच्या पिशवीत कोंबली आणि गिऱ्हाईकाकडे वळली. गणपतरावांना मान वर करवेना.

"वहिनी, पालिकेत चला. आत्ता."

"आणि धंदो कोण बघतलो?"

"जाईबाई बघेल. चला हो."

देविका मॅडमनी त्यांना लगेच ओळखलं. "अहो, काल तुम्ही किती छान बोललात!"

गणपतरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना प्रेक्षक नको होते.

"चुकीचं बोललो मॅडम," ते इतक्या हळू म्हणाले की मॅडमना पुढे वाकावं लागलं. "वतीने म्हणालो, पण कुणाला विचारलं नव्हतं. मला माइक मिळाला आणि मी यांची जागा विसरलो. ज्यांची भाकरी आहे त्या या, माझ्या वहिनी."

मॅडमनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "सुनावणी तर संपली, काका. हरकत लिहून द्या. जागा पाहायला मी येईन, पण शब्द देत नाही."

"येवा तर खरी," शेवंती म्हणाली. "बसतंव खंय, कशा बसतंव, मी दाखयतंय."

गणपतरावांनी घसा खाकरला.

"भावोजी," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही तेव्हा घराकडेच ऱ्हवा."

"हो," गणपतराव म्हणाले. आणि जिना उतरताना ते तिच्या मागे राहिले.